यंदाची गाणी आणि त्यांचा हिशेब

(वसमत येथे डिसेंबर 2025 मध्ये झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'लोकसंगीत आणि परिवर्तनाची चळवळ' असा छापला आहे. विषय भारदस्त आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तो बाजूला ठेवणार आहे. संगीतशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. तीस-बत्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, मागणी-पुरवठ्याचे वक्र फळ्यावर काढले आणि पुसले, आणि निवृत्त झालो. गाण्याशी माझे नाते केवळ ऐकणाऱ्याचे. मात्र ऐकणारा म्हणून मला एक खोड आहे. बरीच वर्षे मी एक वही ठेवीत आलो आहे. तीत वर्षभरात कानांवर आलेल्या, मनात राहिलेल्या गाण्यांची नोंद असते : तारीख, गाव, कोण गायले, साथीला वाद्य कोणते होते, आणि शेवटच्या रकान्यात, गाणाऱ्याला काय मिळाले. हा शेवटचा रकाना म्हणजे पेशाचा दोष, असे घरात म्हणतात. ते खरेच असावे. सरत्या 2025 सालची ती वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्यातली मला आवडलेली गाणी तुम्हाला सांगावीत, एवढाच माझा बेत होता. पण काल रात्री ती पुन्हा चाळताना शेवटच्या रकान्यापाशी मी अडलो. त्याविषयीही बोलावे लागेल.

आरंभ ओव्यांपासून करतो. ह्या वर्षी मी सर्वांत अधिक वेळा जो आवाज ऐकला, तो एका अशा बाईचा, जी आता हयात नाही. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे एक प्रचंड काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवां ह्या दोघांनी महाराष्ट्रात केले, ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपून घेतल्या. पॉइटवां 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. बर्नार्ड बेल ह्या संगीतज्ञाने नव्वदच्या दशकात त्यांपैकी कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि 2017 पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. गंगूबाई त्यांतल्या. सीतेचा वनवास त्या गातात. तो वाल्मीकीचा नव्हे. आपल्या माळरानावरचा आहे. तिथे सीतेला धीर द्यायला कुणी ऋषी येत नाही, बोरी-बाभळी येतात. मराठवाड्यातल्या बाईला माहीत असलेल्या रानात दुसरी झाडे होतीच कुठे?

हा आवाज ऐकताना मला माझी आई आठवते हे सांगायला नको. पण आठवणीत वाहून न जाता एक गोष्ट पाहू. अर्थशास्त्रात संयुक्त उत्पादन म्हणून एक कल्पना आहे. कपाशीचे बोंड घेतले की रुईही मिळते आणि सरकीही मिळते. एक घेऊन दुसरी नाकारता येत नाही, कारण दोन्ही एकाच कष्टातून निघतात. जात्यातून पीठ निघत होते आणि ओवी निघत होती. ज्वारीचे पीठ हे घराच्या उपयोगाचे, म्हणून त्याची गणना होत असे. ओवीला मोल नव्हते, म्हणून ती फुकट निघते असा सर्वांचा समज होता. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बाईचे पहाटेचे दोन-तीन तासांचे कष्ट वाचले, आणि ते वाचलेच पाहिजेत. जाते गेले म्हणून गळा काढणाऱ्या पुरुषाने आठवडाभर स्वतः ज्वारी दळून दाखवावी आणि मग बोलावे. पण पिठाबरोबर निघणारी ती दुसरी वस्तू काढणारे यंत्र कुणी लावले नाही. सासरी आलेल्या बाईला, नवऱ्याच्या झोपेत व्यत्यय न येता, आपले मन उघडे करण्याची जी एकच जागा घरात होती, ती जात्याबरोबर गेली. तिच्या जागी दुसरी जागा घरात निर्माण झाली काय, हा प्रश्न आपल्या कुठल्याही अहवालात मी अजून वाचलेला नाही.

ओवी जात्याला चिकटूनच जगते असेही नाही. 1972 च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आमच्या गावच्या बायका खडी फोडायला जात. घरात दळायला दाणा नव्हता, जाते थंड होते. आणि खडी फोडताना, हातोडा पडायचा त्या ठेक्यावर, त्याच बायका त्याच ओव्या म्हणत. फक्त शेवटच्या चरणात कारकून आणि हजेरीपट आला होता. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 साली झाला. त्याचा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा वि. स. पागे यांचे नाव योग्यच घेतो. त्या खडीच्या ढिगाऱ्यांवर म्हटलेल्या ओव्याही त्या कायद्याच्या पूर्वपीठिकेत मोडतात, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. परीक्षेत मात्र असे उत्तर लिहिलेल्या विद्यार्थ्याला मी गुण दिले असते की नाही, ते सांगता येत नाही.

वहीतली दुसरी नोंद नोव्हेंबरची. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्याकडे उतरतात, त्या तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. पहाटे फिरायला जाताना रस्त्याकडेच्या एका कोपीपाशी मी थांबलो. चूल पेटत होती. शेजारी साडीच्या झोळीत मूल, आणि बीडकडची एक तरुण बाई भाकरी थापता थापता पाळणा म्हणत होती. पाळण्याची चाल कृष्णजन्माची, जुनीच. पण आत कंसाच्या जागी मुकादम होता, आणि कारागृहाच्या जागी उचल होती. फिटत नाही अशी उचल. मी आयुष्यभर बांधीव श्रमावर व्याख्याने दिली. त्या दोन कडव्यांत जे होते ते माझ्या कुठल्याही टिपणात नव्हते. मी जरा पुढे होऊन म्हणालो, "बाई, ते गाणं पुन्हा म्हणाल का? मला लिहून घ्यायचं आहे." ती म्हणाली, "गाणं कुठलं, लेकरू रडत होतं." आणि तिने भाकर तव्यावर टाकली. माझ्या वहीत शेवटच्या रकान्यात तिथे 'निरंक' लिहिले आहे.

आता 14 एप्रिल. जयंतीच्या रात्रीच्या कार्यक्रमाला मी दर वर्षी जातो आणि दर वर्षी मागच्या खुर्चीवर बसतो. ध्वनिक्षेपकांच्या भिंती मिरवणुकीत होऊन गेल्या की, साडेदहा-अकरानंतर, खरे गाणारे उठतात. यंदा एका बाईंनी वामनदादा कर्डकांची गाणी लागोपाठ चार म्हटली. पेटी, ढोलकी आणि टाळ, बस्स. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात आता घरोघरी मोबाइलवर पोचल्या आहेत. त्यांच्यामुळे आमच्या भागातल्याही कितीतरी बायकांना, आपला आवाज चारचौघांत काढावा, असा धीर आला असे मला दिसते. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म 1922, मृत्यू 2004. अक्षरओळख त्यांना लहानपणी मिळाली नाही, ती मुंबईत मोठेपणी झाली. ज्याला वाचता येत नव्हते त्याने वाचता न येणाऱ्यांसाठी जे लिहिले, ते आज पदव्युत्तर अभ्यासक्रमात लावले जाते. त्याचा मला आनंद आहेच. पण त्या रात्री गाणाऱ्या बाई दिवसा काय करतात, म्हणून विचारले, तर हळदीच्या गोदामावर निवडाईला जातात असे कळले. दुसऱ्या दिवशीचा रोज बुडाला तो बुडालाच.

भीमगीत आमच्या पिढीला कसे कळले हे तरुण साथींना सांगायला हवे. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातली दलितवस्ती पेटली. बिलोली तालुक्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आमच्यातले अनेकजण, मी त्यांतलाच, तत्त्वतः नामांतराच्या बाजूचे आणि व्यवहारात गप्प. एस. एम. जोशींसारख्यांनी उघड बाजू घेतली आणि रोष पत्करला. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत आम्ही पत्रके काढली, परिसंवाद घेतले. पण वस्त्यावस्त्यांतून माणसे ताठ उभी राहिली ती शाहिरांच्या रात्रींमुळे. हे मी मागच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे, म्हणून सांगतो.

ह्यानंतरची नोंद हलगीची. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला आपल्याच तालुक्यातल्या काही मुलांनी हलगीचा जो ताफा वाजवला, तसे वादन मी अनेक वर्षांत ऐकले नव्हते. सहा हलग्या, एक कैताळ. पोरे पंचविशीच्या आतली. दोघे पदवीधर, एक बँकेच्या वसुलीचे काम करणारा. मधूनच सगळे थांबत आणि एकच हलगी बारीक बोलत राही, जणू कुणी कानाशी काही सांगते आहे; मग सहाही एकदम. मी भारावून गेलो. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी तसे म्हणालो. त्यांच्या वाडवडिलांकडे गावच्या हलगीचे काम होते, हे मला ठाऊक होते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, तुमाला हलगी गोड लागती. मला तिच्यात मयताचा वास येतो."

साथींनो, लोकसंगीताच्या रसिकाने हे वाक्य आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले पाहिजे. हलगी वाजवणे ही त्या माणसाची कला नव्हती. ते गावाने लादलेले काम होते. दवंडी असो, लग्न असो, प्रेतयात्रा असो, बोलावले की जायचे, आणि मिळेल ते पदरात घ्यायचे. पोतराजाचा कोरडा, हलगीची टिपरी, ह्या गोष्टी ज्यांनी पुढे टाकून दिल्या, त्यांनी संस्कृतीचा ऱ्हास केला नाही. गुलामीचा राजीनामा दिला. 'लोककला जगल्या पाहिजेत' असा ठराव आपण मांडतो तेव्हा त्या कुणी, कुठल्या जातीत जन्माला येऊन, कशाच्या मोबदल्यात जगवायच्या, हे ठरावात नसते. आणि तरीही त्या सहा मुलांनी हलगी हाती घेतली होती, ती कुणाच्या आज्ञेवरून नव्हे. ठरवून, पैसे ठरवून, स्वतःच्या माणसाच्या जयंतीला. वृद्ध गृहस्थ शेवटपर्यंत थांबले हेही मला सांगितले पाहिजे. जाताना त्यांनी त्यांतल्या एका मुलाचा हात धरून मनगट कसे वळवायचे ते दाखवले, आणि काही न बोलता निघून गेले.

अण्णाभाऊंचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्या तिघांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. पक्ष त्यांचा, आपला नव्हे; आणि त्या काळात आपले व त्यांचे वाद काही थोडे नव्हते. पण 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड ज्याने ऐकली, त्याला संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न कळण्यासाठी वेगळी पुस्तिका लागत नव्हती. गावाकडे राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख, दोन्ही एकाच विरहात बांधून टाकणे हे कुठल्या राजकीय प्रस्तावाला साधेल? बार्शीच्या मुसलमान घरातला अमर शेख आणि वाटेगावच्या मांगवाड्यातला अण्णाभाऊ. दोघेही 1969 साली, सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. आपल्या बाजूला राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. वसंत बापटांसारखा कवी त्यात होता, पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' त्याच्यासाठी लिहिले. बागकाम करणारा निळू फुले, केस कापण्याचा व्यवसाय असलेल्या घरातला राम नगरकर, हे त्याच पथकात घडले. ही आपली कमाई आहे. पण मला कधीकधी वाटते, तमाशाचा गण-गौळण-बतावणी हा साचा आपण उचलला, मोठ्या कौशल्याने वापरला, आणि तो साचा ज्यांनी शे-दोनशे वर्षे पायांत घुंगरू बांधून घडवला, त्या फडांच्या दाराशी मात्र आपण फारसे गेलो नाही. विठाबाई नारायणगावकर ह्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली आणि 2002 साली त्या वारल्या. आता शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

वर्षभरात ऐकलेल्यांपैकी सर्वांत आवडलेले एक निवडायचे झाले, तर मी निःसंकोचपणे एका गोंधळाचे नाव घेईन. वैशाखात, एका स्नेह्यांच्या घरी, लग्नानंतरचा गोंधळ. आपला हा मुलूख गोंधळ्यांचा. माहूरची रेणुका इकडे, तुळजापूरची भवानी तिकडे. रेणुराई आणि कदमराई अशा गोंधळ्यांच्या दोन्ही शाखा इथे नांदल्या, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांनी ह्या कलेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या रात्री मंडळी चारच होती. एक संबळावर, एक तुणतुण्यावर, एक झांज धरणारा, आणि मुख्य नाईक, साठी ओलांडलेला. चौक मांडला, दिवटी पेटली, देवदेवतांना आवाहने झाली, आणि मध्यरात्र उलटल्यावर नाईकाने जांभूळ-आख्यान लावले.

हे आख्यान विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर गाजवले, म्हणून शहरांतही ठाऊक आहे. पण अंगणात बसून ऐकणे वेगळे. कथा अशी की द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते. पाच पती असलेल्या पतिव्रतेच्या मनात सहावा. कृष्ण ते ओळखतो. पुढे रानात एका ऋषीचे जांभूळ नकळत तोडले जाते, आणि ते पुन्हा देठाला चिकटवायचे तर प्रत्येकाने आपल्या मनातले खरे बोलायचे, अशी अट येते. पाचही पांडव बोलतात, जांभूळ वर चढत जाते. द्रौपदी काहीतरी लपवते, आणि ते खाली येते. अखेर तिला बोलावे लागते.

नाईकाने ह्या ठिकाणी संबळ थांबवला. पूर्ण थांबवला. अंगणात बसलेल्या बायकांकडे त्याने पाहिले, पुरुषांकडे पाहिलेही नाही. मग अगदी हलक्या, गद्य आवाजात त्याने द्रौपदीचे बोलणे सांगितले, आणि तुणतुण्याची तार तेवढी हलली. सूतपुत्र म्हणून भर सभेत ज्याला हिणवले, त्याच्यावर राजकन्येचे मन. आणि हे सांगितल्यावर शिक्षा नाही, तर जांभूळ देठाला लागते! खरे बोलली म्हणून सृष्टी पूर्ववत होते. नवी नवरी पाटावर बसलेली असताना, तिच्या सासरच्या सगळ्यांसमक्ष, कुलदेवतेच्या साक्षीने ही कथा सांगण्याचे धाडस आपल्या कुठल्या शिष्ट परंपरेत आहे? स्त्रीमुक्तीवर आपण बोलतो तेव्हा उदाहरणे दूरदूरची देतो. पण गोंधळी हे अंगणात सांगत आला, आणि कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. निदान आजवर तरी नाहीत. हल्ली अशा गोष्टींची खात्री देववत नाही.

पहाटे गोंधळ संपला. मी नाईकांजवळ जाऊन बसलो. चहा झाला. माझ्या शेवटच्या रकान्यासाठी मी विचारले, बिदागी किती ठरली होती. ते हसले. म्हणाले, "सर, तुम्ही दिली होती तेवढीच."

हे मला सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नात हेच नाईक आले होते. त्यांनी सात हजार सांगितले. चार माणसे, एक रात्र, जाण्या-येण्याचे भाडे धरून. मी घासाघीस करून पाच हजारांवर आणले, आणि वर, कलेची कदर करणारा माणूस म्हणून त्यांच्या पायाही पडलो. त्याच लग्नात हळदीच्या रात्री मुलांनी ध्वनिक्षेपकवाला आणला होता. त्याला पस्तीस हजार रुपये मी एका शब्दाने कमी न करता मोजले, कारण त्याचा भाव 'ठरलेला' असतो. वसमतला हळदीच्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला भाव ठरलेला म्हणजे काय हे कळते. ज्याला नाही म्हणण्याची ताकद असते, त्याचाच भाव ठरलेला असतो. त्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या बायका हळदीची गाणी म्हणायला बसल्या होत्या. ध्वनिक्षेपक सुरू झाला तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. वाळलेली हळद मोंढ्यात चढ्या भावाने विकणारे आमचे गाव, आणि हळदीचे गाणे ऐकायला जागा नाही.

गोंधळ्याचा भाव का पडला, ह्याचे एक उत्तर अर्थशास्त्रात सापडते. विल्यम बाउमोल ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, विल्यम बोवेन ह्यांच्याबरोबर, 1966 साली संगीत-नाटकादी कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा सोपा आहे. कारखान्यात, शेतात यंत्रे येतात, दर ताशी उत्पादन वाढते, त्याबरोबर मजुरी वाढू शकते. गाण्याचे तसे नाही. चार माणसांचा एका रात्रीचा गोंधळ शंभर वर्षांपूर्वीही चार माणसांना एक रात्रच लागत होता, आजही लागतो. तो निम्म्या वेळात आणि दोन माणसांत केला तर तो गोंधळ राहत नाही. म्हणून बाकी सगळ्या वस्तूंच्या मानाने जिवंत गाणे दिवसेंदिवस महाग होत जाणार, आणि समाजाने जाणीवपूर्वक भार उचलला नाही तर ते बाजारातून हद्दपार होणार.

पण हे उत्तर आपल्याकडे अर्धेच लागू पडते. गोंधळी, वासुदेव, पांगुळ, पिंगळा, ह्यांचे पोट बाजारावर नव्हतेच. ते खळ्यावर होते. ज्वारीची मळणी झाली, रास पडली, की खळ्यावर मागते लोक येत, आणि धान्य घरी जाण्याआधी त्यांचा वाटा सुपाने निघत असे. ती व्यवस्था जातीची होती, अपमानाची होती, हे मी हलगीच्या संदर्भात आत्ताच बोललो. तिचे गोडवे मला गायचे नाहीत. मी फक्त ती कशी मोडली ते सांगतो. आपल्या भागात ज्वारी मागे पडली. सोयाबीन, ऊस, हळद आली. सोयाबीनची मळणी यंत्रावर वावरातच उरकते. हळद शिजते, पॉलिश होते आणि पोत्यांतून थेट मोंढ्यात. ऊस कारखान्याला. पैसा बँकेच्या खात्यात जमा होतो. आता खळेच राहिले नाही, तर वासुदेवाने पहाटे कुणाच्या खात्यापुढे उभे राहून गावे? जुना हक्क गेला, आणि नवी मजुरी कुणी ठरवली नाही. ह्या दोहोंमधल्या पोकळीत आमचा नाईक सात हजार मागतो आणि पाच घेतो. यंदा भाद्रपद-आश्विनात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने ऐन नवरात्रात, त्यांच्या कमाईच्या नऊ दिवसांत, गावेच्या गावे पाण्याखाली गेली. शेतकऱ्याचे पंचनामे झाले. पुरेसे झाले नाहीत म्हणून आपण रस्त्यावरही आलो. बुडालेल्या नवरात्राचा पंचनामा कोण करणार?

शासनाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे. 2024 साली ते मानधन दरमहा 5,000 रुपये झाले. चांगले झाले. 2025-26 चा महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये आहे. म्हणजे आयुष्यभराच्या कलेचे मोल महिन्याकाठी सोळा दिवसांच्या मातीकामाएवढे. आणि तेही पन्नाशीनंतर, कागदपत्रे जमली तर. गोंधळ्याने पूर्वी कुठे कार्यक्रम केला ह्याचे प्रमाणपत्र आणायचे कुणाकडून? अंगणाकडून?

शासनाला बोल लावणे आपल्याला सोपे जाते. म्हणून आता वहीचा शेवटचा रकाना. त्यात मी आपल्या स्वतःच्या सभांच्याही नोंदी केल्या आहेत. यंदाच्या वर्षात आपल्या कार्यक्रमांत पाच वेळा शाहीर किंवा हलगीपथक बोलावले गेले. पाचांपैकी चार ठिकाणी रकान्यात 'प्रवासखर्च' असे आहे. एका ठिकाणी 'शाल व श्रीफळ'. पाचही ठिकाणी गाणे सभा सुरू होण्याआधी, लोक जमावेत म्हणून. आणि तीन ठिकाणी पाहुण्यांची गाडी आली तेव्हा कडवे अर्धवट तोडून शाहिराला खाली बसवले गेले. एका जागी तर खाली बसवण्याची खूण करणारा मीच होतो. मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, जेवणवाल्याचे बिल आपण चुकते केले. ते योग्यच. शाहीर मात्र आपला साथी, म्हणून त्याला पैसे विचारायचे नाहीत! हा युक्तिवाद मी कारखानदारांच्या तोंडून ऐकला आहे : कामगार हा आमच्या कुटुंबातला आहे.

तेव्हा तालुका शाखेपुढे माझी एक साधी सूचना आहे, आणि ती आज संध्याकाळच्या बैठकीत मांडावी. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात मंडपाच्या आधीची ओळ गाणाऱ्यांची असावी. रक्कम आधी ठरावी, ती त्यांनी सांगावी, आणि गाण्याआधी त्यांच्या हाती पडावी. पैसे कमी असतील तर मंडप लहान करावा. मानधनाच्या अर्जांसाठी आपल्यातल्या दोन तरुणांनी महिन्यातून एक दिवस पंचायत समितीत बसावे. तालुक्यातले किती गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूड म्हणणाऱ्या बाया, हलगीवाले अर्जाबाहेर आहेत ह्याची यादी तरी होईल. आणि ध्वनिमुद्रण करताना, मोबाइलवर का होईना, गाणाऱ्याचे नाव आधी विचारावे आणि तिने नको म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा. मी राहिलेले दोन हजार रुपये नाईकांना ह्या दिवाळीत नेऊन दिले. त्यांनी ते घेतले, मोजले, आणि म्हणाले, आता पुढच्या लग्नाचा दर नऊ हजार आहे. मला फार बरे वाटले.

यादीत आणखी बरेच आहे. औंढ्याच्या वाटेवर एका दिंडीत ऐकलेला, आपल्या नरसीच्या नामदेवांचा अभंग आहे. गुरु ग्रंथसाहेबात ज्यांची 61 पदे आहेत ते हे नामदेव. एका बसस्थानकावर किंगरीवर वाजलेली चाल आहे, ती कुठल्या गाण्याची ते मला अजून सापडलेले नाही. पण बाहेर पेंढा पेटवून हलग्या शेकायला घेतल्या आहेत, त्याचा धूर आत येतो आहे. ती 1 ऑगस्टची मुलेच आहेत. त्यांचे पैसे सकाळीच दिले आहेत, मी पावती पाहिली. अध्यक्षांनी माझ्यासाठी अजून दहा मिनिटे राखून ठेवली आहेत असे समोरच्या कागदावर दिसते; ती मी त्यांना देतो.